अर्धी डहाळी

माझ्या ऑफिसात, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, वीतभर उंचीची शिंगांची एक जोडी टांगलेली आहे. जुनी लेथ मशीन घ्यायला-विकायला लोक येतात. भाव सांगून झाला की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून तिकडे जाते आणि ते विचारतात, "तुम्ही मारलंत का?" मी नाही म्हणतो. "विकत घेतलीत?" तेही नाही म्हणतो. ती मला सौद्यात मिळाली. आयुष्यात मी शेकडो सौदे केले आणि बरेचसे माझ्या बाजूनं सुटले. हा एकच असा, की ठरलेला माल ठरल्याप्रमाणे हातात पडला आणि तरीही फसवलं गेल्याची भावना काही गेली नाही. कोणी फसवलं, हे मात्र अजून नीट ठरत नाही. दर दोन-चार वर्षांनी मी वेगळं नाव घेतो.

तेव्हा मी ब्राउनश्वाइग या जर्मन शहरातल्या तांत्रिक विद्यापीठात शिकत होतो. शहरात खोली मिळेना. दार उघडायचं, माझा चेहरा दिसायचा आणि खोली पाच मिनिटांपूर्वीच गेलेली असायची. शेवटी एल्म नावाच्या लांबट, जंगलानं भरलेल्या टेकडीच्या पायथ्याशी, एका खेड्यात, माळ्यावरची खोली मिळाली. घर फ्रीडरिश ब्रिंकमान यांचं. ते खोगीर आणि घोड्यांचं सामान बनवणारे कारागीर. पण घोडे संपत आले होते, ट्रॅक्टर आले होते, म्हणून ते शाळकरी पोरांची दप्तरं शिवत आणि लोकांच्या सोफ्यांना नवं चामडं लावत. पहाटे मला जाग यायची ती त्या चामड्याच्या वासानं. मग खालून लाकडी हातोडीचा आवाज, टप, टप, थोडं थांबून पुन्हा टप, आणि त्याच्यावर त्यांच्या बायकोच्या, फ्राऊ ब्रिंकमान यांच्या, कॉफी दळण्याची घरघर. उन्हाळ्यात खिडकी उघडी असायची, समोर गव्हाची शेतं, त्यांच्या पलीकडे काळपट हिरवं जंगल, आणि त्या दोन आवाजांत मी अर्धवट झोपेत आमच्या गावच्या बैलबाजारात पोचलेला असायचो. माझे वडील, आबा, बैलांचे दलाल. चामडं, गोठा, माणसांचा घाम आणि सौदा, हेच माझं लहानपण. परदेशात हा वास मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या वासासाठी मी तिथे दोन वर्षं राहिलो, असं म्हटलं तरी चालेल.

म्हातारा फ्रीडरिश बोलायचा कमी. म्हातारा म्हणतो खरा, पण आज हिशेब केला तर तो तेव्हा साठीचाही नसावा. युद्धात डावा गुडघा गेला होता, पाय काठीसारखा सरळ राहायचा. मला तो "युंगे" म्हणायचा, म्हणजे पोरा. माझं नाव जाधव, पण त्याच्या तोंडून ते 'हेर जाधव', म्हणजे श्रीयुत जाधव, असं आलं की मला दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटे. त्यामुळे युंगेच बरं होतं. त्या देशात मला तसं म्हणणारा तो एकटा.

त्याचा जीव होता शिकारीत. एल्मच्या त्या बाजूचं शिकारीचं रान त्याच्या मेव्हण्यानं, कुर्टनं, भाडेपट्ट्यानं घेतलेलं होतं. कुर्टची वीटभट्टी होती, मान जाड होती आणि आवाज मानेला शोभणारा होता. रानात त्यानं ठिकठिकाणी उंच मचाणं बांधली होती. होखझिट्स म्हणतात त्यांना, शिडी, छप्पर, बसायला फळी. कुर्ट वर उशी घेऊन बसायचा, थर्मासमधली कॉफी प्यायचा आणि खालून जाईल ते टिपायचा. फ्रीडरिशला शिडी चढता येत नव्हती. तो जमिनीवरून शिकार करायचा, झाडाला पाठ टेकून, सरळ पाय समोर पसरून. कुर्टचं म्हणणं, हे धोक्याचं आहे. वरून मारलेली गोळी जमिनीत जाते, खालून मारलेली कुठे जाईल ते देव जाणे. यात तथ्य होतं, हे मी आज कबूल करतो. पण तो ते ज्या पद्धतीनं म्हणायचा त्यात तथ्य नव्हतं.

एका रविवारी जेवायला बसलो होतो. लाल कोबी, बटाट्याचे गोळे, तपकिरी रस्सा. कुर्ट म्हणाला, "फ्रीडरिश, गेल्या वर्षी काही नाही, त्याच्या आदल्या वर्षी काही नाही. जमिनीवरून तुला आता फक्त अळंबी मिळायची. हा उन्हाळा संपला की मी दिलेला शिकारीच्या परवानगीचा कागद मला परत दे. बंदूक भिंतीला शोभून दिसेल."

फ्रीडरिशनं मान वर केली नाही. तो बटाट्याचा एक गोळा अगदी हळूहळू कापत राहिला. फ्राऊ ब्रिंकमान म्हणाल्या, "कुर्ट, जेवताना तरी."

"तुमच्या इंडियात तर हत्तीवरून शिकार करतात ना?" कुर्टनं माझ्याकडे वळून विचारलं.

"ज्यांना खाली बसता येत नाही ते हत्तीवर बसतात," मी म्हणालो.

फ्रीडरिशच्या नाकातून एक आवाज आला. तो हसत होता. माझं डोकं तापलं की मला सौदा सुचतो, हा आमच्या घराण्याचा दोष किंवा गुण. मी तिथल्या तिथे कुर्टला म्हणालो, मोसम संपायच्या आत एक पुरता वाढलेला नर, जमिनीवरून, मागे मातीचा चढ असताना, एका गोळीत. जमलं तर परवानगीचा कागद फ्रीडरिश चालता-फिरता आहे तोपर्यंत त्याच्याकडे. नाही जमलं तर बंदूक भिंतीवर. कुर्ट खो खो हसला. मी टेबलाखाली नॅपकिन पसरला आणि त्याच्याखाली त्याचा हात धरला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली. कोणाची किती बोटं कोणी दाबली ते घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाच कळतं. कुर्ट दचकला, पण त्यानं हात सोडवून घेतला नाही. "आबगेमाख्ट," तो म्हणाला. "ठरलं."

आता फ्रीडरिशच्या अडचणीचा दुसरा भाग. त्या रानातलं रेह हे लहान चणीचं हरीण, आपल्या भेकरापेक्षा जरासं मोठं. जुलै संपता संपता त्यांचा माजाचा काळ येतो. तेव्हा बीचच्या झाडाचं कोवळं पान ओठांवर ताणून मादीसारखा आवाज काढला, तर नर ऐन दुपारी झाडीतून बाहेर येतो. जमिनीवर बसणाऱ्याचं हेच एक हत्यार. पण त्या हिवाळ्यात फ्रीडरिशनं नवी कवळी बसवून घेतली होती आणि तेव्हापासून पानातून नुसती हवा जात होती. लाजेनं त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कळलं ते असं, की अंगणात बसल्या बसल्या मी एक पान तोडलं आणि लहानपणी करंजाच्या पानाची पिपाणी वाजवायचो तशी वाजवली. कारखान्यातली हातोडी थांबली. म्हातारा लंगडत बाहेर आला, दारात उभा राहिला.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाजवली.

"हळू. आणि जरा दुःखी."

पुढचे दहा दिवस मी दुःखी वाजवायला शिकलो. सकाळी तो मला एल्ममध्ये न्यायचा. त्याच्या बसायच्या झाडापर्यंत तीनशे पावलांची एक पायवाट होती, ती आम्ही खराट्यानं झाडली. खरंच झाडली. वाळकी पानं, काटक्या, सगळं बाजूला, म्हणजे पाय पडला तरी आवाज होऊ नये. मी आबांना पत्रात लिहिलं की इथले लोक जंगल झाडतात. त्यांचं उत्तर आलं, "मग सडाही घालत असतील. अभ्यास कर." झाडून झालं की म्हातारा काठीवर भार देऊन त्या वाटेवरून पुढे जायचा आणि त्याचा तो काठीसारखा पाय कुठेही आपटायचा नाही. उंच, राखी खोडांमधून ऊन खाली यायचं ते हिरवं होऊनच. मी मागून चालायचो आणि मला वाटायचं, पाण्याच्या तळाशी चाललो आहोत.

एकच भांडण झालं. माझ्याकडे आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाल्याचा डबा होता आणि मी तो अंड्यावर, बटाट्यावर, एकदा तर लाल कोबीवरही घालायचो. म्हातारा म्हणाला, हे बंद. मचाणावर बसलं तर अंगाचा वास वरून निघून जातो, जमिनीवर तो नराच्या नाकाशी जातो, आणि तुझा वास हानोवरपर्यंत जातोय. दोन आठवडे मसाला बंद, अंगाला साबण बंद. मी भडकलो. त्या डब्याखेरीज त्या देशात माझं काय होतं? मी म्हणालो, "मग मला काय मिळणार?"

"तुला काय हवं?"

"शिंगं."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती शिंगं मला आबांना पाठवायची होती, पोरगा नुसती पुस्तकं वाचत नाही हे दाखवायला. पण ते मी त्याला सांगितलं नाही. दलाल गिऱ्हाइकाला गरज सांगत नाही. "शिंगं," तो म्हणाला आणि मान हलवली. दोन आठवडे मी उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले.

बोलायचं नाही, हलायचं नाही, मग एकमेकांना सांगायचं कसं? इथे माझा बाजार कामाला आला. त्याच्याकडे लोडनचा मोठा हिरवा झगा होता, लोडन म्हणजे आपल्या घोंगडीचा श्रीमंत भाऊ. तो आम्ही दोघांच्या मांडीवर पसरायचो आणि त्याखाली हातात हात. तर्जनी दाबली की वाजव. दोन बोटं दाबली की थांब. करंगळी म्हणजे डावीकडे, अंगठा म्हणजे उजवीकडे. मूठ आवळली की श्वाससुद्धा घ्यायचा नाही. म्हातारा हे एका दुपारीत शिकला. त्याची बोटं चामड्यानं चामडं झालेली होती, सुईची भोकं पडलेली, पण त्यांचा दाब इतका मोजका असायचा की आबांनी त्याला लगेच भागीदार करून घेतलं असतं.

तो दिवस फार उकाड्याचा होता. ढग होते आणि नव्हते. आम्ही बीचच्या बुंध्याला टेकून बसलो होतो, समोर वीस-पंचवीस पावलांवर एक ओहोळ, त्याच्यामागे नेच्यांनी भरलेला मातीचा चढ. वारा तोंडावर. दुपारचं जंगल जागं असतं असं लोकांना वाटतं, पण ते झोपलेलं असतं. पक्षी गप्प होते. एक माशी माझ्या गुडघ्यावर बसली आणि तिथेच राहिली. तर्जनी दाबली गेली. मी पान ओठांना लावलं आणि वाजवलं, तीनदा, चारदा, हळू, जरा दुःखी. मग काही नाही. किती वेळ काही नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या झग्याखाली माझा हात त्याच्या हातात होता, ऊब होती, डोळे मिटत होते, आणि मी एकाच वेळी एल्ममध्येही होतो आणि आबांच्या शेजारी, चिंचेखाली, दुपारी बाजार ओसरल्यावर पोत्यावर पडलेलाही होतो. पुन्हा तर्जनी. पुन्हा वाजवलं. आणि मूठ आवळली गेली.

तो नेच्यांत उभा होता. आला कुठून ते दिसलंच नाही, आधी नव्हता आणि मग होता, तांबूस, भिजल्यासारखा चकाकणारा, मान ताठ, काळं नाक हवेत. इतका समोर, इतका आमच्याच उंचीवर की मला त्याच्या डोळ्यांच्या खालचे केस दिसत होते. मचाणावरून हे दिसत नाही. तिथून जनावराची पाठ दिसते. माझा हात सुटला, बंदूक केव्हा वर झाली कळलं नाही. नर चढाकडे दोन पावलं गेला, थांबला, आणि आवाज झाला.

त्यानं उडी मारली, आणि नेचे मिटले.

मी उठायला लागलो तर म्हाताऱ्यानं मला खाली ओढलं. लगेच जायचं नसतं. एक पाईप ओढून होईपर्यंत बसायचं, जनावराला त्याचं मरण शांतपणे मरू द्यायचं. त्यानं पाईप पेटवला. त्याचा दुसरा हात झग्याखाली पुन्हा माझ्या हाताशी आला आणि त्यानं माझा सगळा पंजा एकदा दाबला. त्या दाबण्याला आमच्या खुणांमध्ये काही अर्थ ठरलेला नव्हता. पाईप संपेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. त्या घरातला, त्या देशातला, कदाचित सगळ्या आयुष्यातला तेवढा वेळ मला कोणी परत दिला तर मी भावही विचारणार नाही.

नर चढाच्या पायथ्याशी पडला होता. म्हाताऱ्यानं टोपी काढली. स्प्रूस या देवदारासारख्या झाडाची एक लहानशी डहाळी तोडून त्यानं त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. आपल्याकडे माणसाच्या तोंडात शेवटी तुळशीपान ठेवतात, तेव्हा हे मला न सांगता कळलं. आणि एवढं कळलं म्हणून पुढचंही कळतंय असं मला वाटलं, तिथेच घोटाळा झाला. त्यानं दुसरी डहाळी तोडली, जखमेवरून फिरवली आणि मधोमध मोडून तिचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या हातात ठेवला. दुसरा उलट्या टोपीवर ठेवून ती टोपी त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"हा तुझा वाटा, युंगे," तो म्हणाला.

मी त्या डहाळीकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर दोन आठवड्यांचे अळणी बटाटे आले. बाजारात काम झाल्यावर दलालाला पानसुपारी पुढे करून वाटेला लावणारे लोक मी लहानपणापासून पाहिले होते, त्यांच्या दारात आबा उभे राहिलेले पाहिले होते.

"माझा वाटा शिंगं ठरलाय," मी म्हणालो. "पाला नाही."

त्याचे हात तसेच राहिले. टोपी थोडी कलली आणि तो तुकडा खाली पडला. सरळ पाय मागे ताणून, काठी रोवून, तो तुकडा उचलायला तो वाकला. त्याला किती त्रास झाला ते मी उभ्या उभ्या पाहिलं. दोन्ही तुकडे त्यानं टोपीच्या पट्ट्यात खोचले.

"शिंगं मिळतील, हेर जाधव," तो म्हणाला.

संध्याकाळी फ्राऊ ब्रिंकमान यांनी कलेजी कांदा आणि सफरचंद घालून परतली. मी माझा डबा आणून वर मसाला घातला. कुर्ट येऊन नर पाहून गेला, चढावर पावलं मोजून गेला, आणि त्यानं आपला शब्द पाळला. हे मला लिहावं लागतं आणि ते मला अजून आवडत नाही. महिन्याभरानं शिंगं उकळून, पांढरी करून, ओकच्या फळीवर बसवून माझ्या दाराशी ठेवलेली होती. फळीच्या पाठीला चामड्याचं अस्तर लावलेलं, टाके मोजून घ्यावेत असे. आबांना ती पाठवावीशी वाटली नाहीत. पण मला पुन्हा रानात कोणी बोलावलं नाही, आणि युंगे हा शब्द मी त्या घरात पुन्हा ऐकला नाही.

अर्थ सांगितला तो कुर्टनं, हिवाळ्यात, डुक्कर कापायच्या दिवशी, गरम सॉसेजच्या वाफेत उभा असताना. तोपर्यंत मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत होतो. तो हसला नाही. "डहाळी शिकाऱ्याची असते," तो म्हणाला. "टोपीत लावायची. ज्याच्यावाचून जनावर मिळालंच नसतं त्यालाच अर्धी देतात. मी वीस वर्षं त्याच्याबरोबर रानात जातोय. मला कधी दिली नाही त्यानं."

मी तसाच उठून कारखान्यात गेलो. माफी मागायला गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. पण दारात पाऊल टाकलं आणि तोंडातून निघालं, "मला सांगितलं का नाहीत?"

म्हाताऱ्यानं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडायला गेला, कवळी आठवली आणि कात्री घेतली. "सांगितलं असतं तर तुम्ही घासाघीस केली असती, हेर जाधव."

वसंतात मी ती खोली सोडली.

माझी तक्रार आजही तीच आहे. परक्या मुलखातल्या विशीतल्या पोराला एक वाक्य सांगायला काय झालं होतं? मध्यंतरी ही गोष्ट मी नातीला सांगितली. ती त्याच देशात, गेर्लिंगेनला वाढलेली, शाकाहारी, मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हो, ओपा, पण तू विचारलं होतंस का?" मी तिच्यावर इतका ओरडलो की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो बाबा, हळू!" रात्री नातीला सॉरी म्हणालो. नव्यानं शिकतोय.

म्हातारा गेल्याचं पत्र मला काही वर्षांनी आलं, फ्राऊ ब्रिंकमान यांच्या हातचं. तोपर्यंत त्याच देशात माझा धंदा सुरू झाला होता. एका गिऱ्हाइकाला तिष्ठत ठेवून मी निघालो. सकाळची वेळ, पानगळ सुरू झालेली, खेड्याच्या दफनभूमीवर एल्मची सावली. हिरव्या कोटातल्या चार माणसांनी शिकारीचे कर्णे फुंकले. मग एकेकजण खड्ड्याशी जायचा, टोपी काढायचा आणि स्प्रूसची एक डहाळी खाली सोडायचा. कुर्ट टोपली घेऊन उभा होता. मान तशीच जाड, पण केस पांढरे. मी शिकारी नव्हतो, माझ्या हातात परवाना नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एक डहाळी माझ्याही हातात दिली.

मी खड्ड्याच्या कडेला गेलो. ओल्या मातीत ठिकठिकाणी हिरवं पडलेलं दिसत होतं. मी डहाळी मधोमध मोडली. एक तुकडा खाली सोडला आणि दुसरा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मागून कुर्टचा आवाज आला, त्याच्या मानानं फार हळू. "अख्खी टाकायची असते."

"अर्धी माझी आहे," मी म्हणालो.

त्यानं टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि मला जायला वाट करून दिली.